इनासमामा आणि सात रेडिएटर

माझे सासरे माझ्याकडे बघून आयुष्यात दोनदाच मनापासून हसले. एकदा लग्नात मी हार घालताना स्वतःचाच फेटा पाडला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा मी दुबईत हीटिंगच्या धंद्यात आहे हे त्यांना कळलं तेव्हा. "हीटिंग? दुबईत?" त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ऐकलंस का, जावई वाळवंटात शेगड्या विकतात!" तेव्हापासून सासरच्या प्रत्येक कार्यात कुणीतरी मामेसासरा माझ्या शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, "मग? यंदा शेगड्या कशा काय?"

मी शेगड्या विकत नव्हतो हे आता तरी लिहून ठेवतो. दुबईशेजारी शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीत आमची छोटी ट्रेडिंग कंपनी होती. धंदा जवळजवळ सगळा एसीचा. हीटिंग डिपार्टमेंट म्हणजे जिन्याखालचं एक कपाट, एक जुनी पिकअप आणि इनासमामा. मी त्या डिपार्टमेंटचा कोऑर्डिनेटर. म्हणजे इनासमामा काम करायचे आणि ते काम झालं असं मी ईमेलमध्ये लिहायचो.

गिऱ्हाइकं डोंगरावरची. रास अल खैमाच्या पाठीमागे डोंगर उभे चढत जातात. वर दगडी घरं, बकऱ्यांचे गोठे, पायऱ्यापायऱ्यांची छोटी शेतं. जानेवारीत खाली समुद्रावर लोक बर्फ घातलेलं लिंबूपाणी पीत असतात, त्याच आठवड्यात वर सकाळी पिकअपच्या काचेवरचं दंव नखाने खरवडावं लागतं. वीज तिथे आहे, पण तारेच्या अगदी टोकाला. दोन इलेक्ट्रिक हीटर एकदम लावले की ब्रेकर पडलाच. डिझेल मात्र प्रत्येकाकडे टाकीभर असतं, विहिरीच्या पंपाला नि गाडीला. म्हणून डिझेलचा बॉयलर. घरामागच्या खोपट्यात डिझेल जाळून पाणी तापवायचं, ते पाणी पंपाने पाइपांतून घरभर फिरवायचं. प्रत्येक खोलीत भिंतीला टेकून लोखंडी रेडिएटर उभा. पाणी त्यातून फिरतं, खोलीला ऊब देतं, गार होऊन परत तापायला जातं. एवढंच. मला हे समजायला आठ महिने लागले. इनासमामांनी ते कुणा युरोपियन माणसाच्या हाताखाली एका हिवाळ्यात उचललं होतं.

मामा वसईचे. साठीकडे झुकलेले, बुटके, रुंद, आणि पंजा असा की पाना न घेताही नट सैल करतील. ऑफिसातले सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मल्याळी अकाउंटंटसुद्धा "मामा, चाय?" असं विचारायचा. ते मला भाच्या म्हणायचे. थंडीशी त्यांचं वंशपरंपरेने काहीही नातं नव्हतं. "वसईत आमच्याकडे थंडी म्हणजे काय रे? सकाळी आई उठून पंखा दोनावरून एकावर करायची. झाला हिवाळा."

आणि तरी हा माणूस बारा महिने तपकिरी माकडटोपी जवळ बाळगायचा. ती डोंगरासाठी नव्हती, ऑफिसातल्या एसीसाठी होती. जूनमध्ये, बाहेर डांबर वितळत असताना, मामा टेबलाशी माकडटोपी घालून बसलेले दिसायचे. डोंगरावर चढलो की टोपी काढून खिशात. मी एकदा डोंगरावर कारण विचारलं. "इथली थंडी देवाने दिलीय," मामा म्हणाले. "तिकडची मॅनेजरने."

त्यांच्या गळ्यात काळा दोरा होता. दोऱ्यात एक चांदीचा क्रूस आणि एक पितळी चावी, बोटाच्या पेराएवढी. रेडिएटरमध्ये कधीकधी वरच्या बाजूला हवा अडकते. मग तो खाली गरम आणि वर गार राहतो. त्याच्या कानाशी एक छोटा स्क्रू असतो, तो या चावीने जरासा उघडायचा. हवा सूं करून निघून जाते, मग पाण्याचा पहिला थेंब येतो, की लगेच बंद. बाजारात असल्या चाव्या पुडीने मिळतात, पण मामांची एकच होती. "दोन्ही एकाच दोऱ्यात कशाला?" मी विचारलं. "अरे, दोन्हीची गरज गुडघ्यावर बसल्यावरच लागते," ते म्हणाले.

हत्यारांच्या पिशवीत एक लाल नेलपॉलिशची बाटलीही असायची. कुठला व्हॉल्व्ह किती उघडा ठेवायचा, कुठला नट कुठवर आवळलाय, याची खूण ते नेलपॉलिशने करायचे. पेनची खूण पुसते, नेलपॉलिश राहतं. एकदा ही बाटली चुकून माझ्या बॅगेत राहिली. घरी माधुरीला, म्हणजे माझ्या बायकोला, ती सापडली. पुढची चाळीस मिनिटं मी दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या हॉलमध्ये उभा राहून व्हॉल्व्हविषयी बोलत होतो. शेवटी मामांना फोन लावून स्पीकरवर टाकलं. मामा म्हणाले, "माझीच आहे, वहिनी. पण ब्रँड चांगला नाही, तुम्ही लावू नका."

त्यानंतर माधुरीने त्यांना जेवायला बोलावलं. जून महिना. ऊद मेथातल्या चर्चमधून मिस्सा आटोपून मामा थेट आमच्याकडे आले, इस्त्रीच्या शर्टात. हात धुवायला बेसिनचा नळ उघडला आणि हात झटकन मागे घेतला. उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी अशी तापते की गार पाण्याच्या नळाखाली अंडी उकडावीत. मामांनी बाथरूममध्ये जाऊन गीझर बघितला. तो चालू होता.

"जूनमध्ये गीझर कशाला चालू?"

"नेहमी चालूच असतो," मी म्हणालो.

त्यांनी तो बंद केला. "गीझर घरात आहे, एसीमध्ये. त्याला बाहेरून जाड अस्तर आहे. बंद ठेवलास तर त्यातलं पाणी हळूहळू खोलीइतकं गार होतं. उन्हाळ्यात गार पाणी हवं तर गरम नळ सोडायचा, भाच्या. खालचा वॉचमनसुद्धा हेच करतो."

माझी मुलगी मैथिली दारात उभी होती. "बाबा, यू वर्क इन हीटिंग!" एवढं म्हणून ती आत गेली. हे वाक्य माझ्या घरात अजून वापरात आहे.

मामांची एक सवय मात्र मला सुरुवातीला फार त्रास द्यायची. नवीन घरात गेलं की ते काहीही करायचे नाहीत. बूट काढायचे, सगळ्यात गार खोलीत जाऊन जमिनीवर मोज्यांवर बसायचे, आणि बसूनच राहायचे. तासभर. मालक माझ्याकडे बघायचा, मी हातातल्या मोजायच्या टेपकडे बघायचो. "घराला जरा बोलू दे," मामा म्हणायचे. गारवा कुठून शिरतो, कुठे साचतो, कुठल्या भिंतीला ऊन लागतं, हे म्हणे बसल्यावर कळतं. तासाभराने पिशवीतून उदबत्ती काढून पेटवायचे आणि दाराखिडक्यांच्या फटींजवळून हळूहळू फिरवायचे. धूर जिथे वाकडा होईल तिथे वारा आत येतोय.

उम्म सईदच्या घरी याच उदबत्तीने आमची पंचाईत केली आणि याच उदबत्तीने आमची ओळखही करून दिली.

उम्म सईद म्हणजे सईदची आई. तिला सगळे याच नावाने हाक मारत. वय सत्तरीच्या पुढे, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा बुरखा, त्यातून दिसणारे डोळे मात्र असे की बकऱ्यासुद्धा दबकून असत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. डोंगरावर अगदी शेवटच्या वळणावर तिचं सात खोल्यांचं दगडी घर, पंधरा-वीस बकऱ्या, चार खजुराची झाडं. मुलगा सईद खाली शहरात सरकारी नोकरीत. आदल्या हिवाळ्यात तिने थंडीने दार-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी पेटवली होती. सकाळी शेजारीण दूध न्यायला आली तर ही बेशुद्ध. थोडक्यात वाचली. तेव्हापासून सईदचा हट्ट, आईने शहरात त्याच्या फ्लॅटवर राहायला यावं. आईचा हट्ट, मी मेले तरी इथेच. शेवटी दोघांत तह झाला. घरात नीट हीटिंग बसलं, ती कोळसा न पेटवता उबेत राहू शकली, तर राहील. नाहीतर बकऱ्या विकायच्या आणि घराला कुलूप.

हे सईदने आम्हाला पहिल्याच दिवशी अंगणात उभं राहून सांगितलं, चांगल्या हिंदीत. आणि खालच्या आवाजात पुढे म्हणाला, "सच बोलूं? मैं चाहता हूं कि वो नीचे आ जाए. मुझे रात को नींद नहीं आती." वाईट माणूस नव्हता. आईच्या काळजीने पिचलेला मुलगा होता.

मामा आत जाऊन उत्तरेकडच्या खोलीत बसले ते बसलेच. मग उदबत्ती पेटवली. उम्म सईद दारातून बघत होती. ती तरातरा आत आली, मामांच्या हातातून उदबत्ती काढून घेतली, वास घेतला, नाक मुरडलं आणि निघून गेली. मी मनातल्या मनात माफीचा ईमेल लिहायला घेतला. एवढ्यात ती परत आली, हातात मातीचं धुपाटणं, त्यात निखाऱ्यावर बखूर, म्हणजे तिकडचा सुगंधी धूप. मामांच्या त्या काडीपेक्षा दहापट धूर. तिला वाटलं, हा पाहुणा आमच्या घराला धूप घालतोय पण माल हलका वापरतोय!

मामांनी खुलासा केला नाही. नुसतं दाराखालच्या फटीकडे बोट दाखवलं. ती धुपाटणं घेऊन तिथे गेली. धूर सरळ वर न जाता आडवा होऊन खोलीत पळाला. ती थबकली. मग स्वतःच खिडकीकडे गेली. मग दुसऱ्या खिडकीकडे. अर्ध्या तासात त्या बाईने आपल्या घरातल्या सगळ्या फटी शोधून काढल्या, प्रत्येक फटीशी नवऱ्याच्या नावाने काहीतरी बोलली (घर त्याने बांधलं होतं), आणि शेवटी मामांना म्हणाली, "उद्या ये. काम कर." मला काही म्हणाली नाही. मी टेप धरून उभा होतो.

काम तीन आठवडे चाललं. सात खोल्या, सात रेडिएटर. एकेक रेडिएटर भिंतीला लागला की उम्म सईद त्याला बकरीला थोपटावं तसं थोपटायची आणि नाव ठेवायची. नावं बकऱ्यांचीच. हॉलमधल्या मोठ्याला तिच्या म्होरक्या बोकडाचं नाव मिळालं. मामा तिला काम करताकरता सगळं दाखवायचे. डिझेलचा काटा कुठे, पाण्याचा दाब कुठे. भाषा दोघांची मिळून एक, अर्धी अरबी, अर्धी हिंदी, बाकी हातवारे. "हे एसीसारखं नाही, अम्मा. एसी बटण दाबलं की गार. हे श्वय श्वय." श्वय श्वय म्हणजे हळूहळू. "आधी पाणी तापणार, मग लोखंड, मग भिंत, मग माणूस. घाई केली की बिघडतं."

काम संपलं ती नेमकी चोवीस डिसेंबरची दुपार. मामा चर्चच्या कॉयरमध्ये गायचे. नाताळची मिस्सा त्यांनी इतक्या वर्षांत चुकवली नव्हती. बॉयलर त्यांनी सकाळपासून हाताने चालवून बघितला होता, सातही रेडिएटर तापले होते. राहिलं होतं फक्त हस्तांतर. म्हणजे भिंतीवरचा थर्मोस्टॅट चालू करायचा, कागदावर सही घ्यायची. तापमान किती हवं तो आकडा थर्मोस्टॅटवर ठेवला की बॉयलर आपोआप चालू-बंद होणार.

"हे तू कर, भाच्या," पिकअपमध्ये बसता बसता मामा म्हणाले. "चालू कर, सही घे, सईदच्या ड्रायव्हरबरोबर खाली ये. आणि ऐक, काही शिकवू नकोस."

काही शिकवू नकोस! अठरा वर्षांचा गल्फचा अनुभव असलेल्या कोऑर्डिनेटरला हे वाक्य लागतं. पिकअप वळणाआड गेली आणि मी शिकवायला लागलो. थर्मोस्टॅट चालू केला. आकडा बाविसावर होता. उम्म सईद जवळ आली. मी माझ्या हिंदी-अरबीत सांगितलं, "अम्मा, नॉर्मल हे. जास्त ताकद पाहिजे, तर हे खालचं बटण. जितकं खाली, तितकं जोरात. फुल पाहिजे तर सोळा." आणि स्वतःच्या हाताने सोळावर आणून दाखवलं. तिने मान डोलावली. तिलाही ते पटलं. मी कागदावर अंगठा घेतला, कडू काळा गहवा, म्हणजे तिकडची कॉफी, प्यायलो, आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन खाली उतरलो.

वाचकांपैकी जे शहाणे आहेत त्यांच्या लक्षात आलंच असेल. जे नसतील ते माझ्यासारखे वर्षानुवर्षं एसीत राहिलेले असणार.

पंचवीस तारखेला सकाळी सात वाजता सईदचा फोन. घर गारठलेलं आहे. बॉयलर बंद. आईने दिलेल्या शब्दाखातर कोळसा पेटवला नाही, सगळी पांघरुणं घेऊन बसून राहिली. "खलास. मैं अभी ऊपर हूं. दोपहर को उसको लेके जाता है." मागे बकऱ्या ओरडत होत्या. त्याचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता.

मी मामांना फोन केला. नाताळची सकाळ, आणि मी काय बातमी देतोय! मामांनी सगळं ऐकून घेतलं. "बर्नर पेटत नाही म्हणाला? डिझेलच्या नळीत हवा धरली असेल. पाच मिनिटांत खाली ये."

मामा नाताळच्या सुटात आले. राखाडी सूट, लाल टाय, आणि मांडीवर खोबऱ्याच्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. कपडे बदलायला परत गेलेच नाहीत. रस्ताभर मी दोष वाटत होतो. थोडा पुरवठादाराला दिला, थोडा डिझेलला, बराचसा बर्नर बनवणाऱ्या देशाला. पुरवठादाराला पाठवायच्या ईमेलचा पहिला परिच्छेद तर शब्द न् शब्द तयार होता. मामा खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "ती बाई आज खाली उतरली, तर परत वर नाही यायची रे."

वर पोचलो. अंगणात सईदची गाडी, मागचं दार उघडं. ओट्यावर उम्म सईद बसलेली, शेजारी एक गाठोडं, घट्ट बांधलेलं. आमच्याकडे तिने बघितलंही नाही. बकऱ्यांकडे बघत होती.

मामांनी बूट काढले. सुटात, मोज्यांवर, हॉलमध्ये गेले आणि म्होरक्या बोकडाच्या, म्हणजे मोठ्या रेडिएटरच्या शेजारी जमिनीवर बसले. हात लावला. बर्फ. सईद म्हणाला, "अंकल, बैठने का टाइम नहीं है." मामा बसूनच राहिले. डोकं भिंतीला टेकलेलं, नजर खोलीभर फिरत होती. फिरत फिरत ती थर्मोस्टॅटवर आली आणि थांबली.

आकडा होता पाच.

मग ती नजर माझ्यावर आली. मी आकड्याकडे बघितलं. आणि त्या क्षणी, देवाशपथ, माझं बोट आपोआप खाली दाबल्यासारखं हललं, आणि मला कळलं. वर्षानुवर्षं एसीचं बटण दाबून हे बोट एकच गोष्ट शिकलं होतं. बरं वाटत नाहीये? खाली. अजून नाही? अजून खाली. आम्ही त्या बाईच्या घराला सांगितलं होतं की सोळा झाले की थांब. रात्रभर ती बिचारी खाली खाली दाबत गेली, आणि बॉयलर आज्ञाधारकपणे म्हणत राहिला, पाचाच्या वर आहोत ना, मग झोपतो.

मामा उठले. सईदला म्हणाले, "गलती मेरा है. नंबरवाला डब्बा लगाने का नहीं था इधर."

मला गप्प राहता आलं असतं. परिच्छेद तयार होता. पण दाराबाहेर ते गाठोडं दिसत होतं. "नाही," मी म्हणालो, आणि मग हिंदीत, "गलती मेरी है. मैंने अम्मा को उल्टा सिखाया. बोला, नीचे करो."

 सईदने चेहऱ्यावरून हात फिरवला. "रात आठ बजे उसने फोन किया," तो हळूच म्हणाला. "बोली ठंडा है. मैंने भी यही बोला. नीचे कर, यम्मा. और नीचे."

आईला त्याने अरबीत सांगितलं. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती काय बोलली ते सईदने भाषांतर करून सांगितलं नाही, पण दोन बोटं दाखवत होती. दोन शिकलेली माणसं, एवढं मला कळलं.

मामांनी आकडा बाविसावर नेला. खोपट्यात बर्नर एकदा खोकला आणि पेटला. सईदच्या चेहऱ्यावर मात्र सुटका नव्हती. आज आम्ही होतो, उद्या कोण? मामांनी त्याला विचारलं, "तीन घंटा दोगे? घर को तीन घंटा लगता है." सईदने घड्याळ बघितलं, गाठोडं बघितलं. "तीन," तो म्हणाला.

त्या तीन तासांत मामांनी भिंतीवरचा तो आकड्यांचा डबा काढून टाकला. पिकअपमध्ये जुन्या पद्धतीचा एक साधा थर्मोस्टॅट होता, गोल मूठ असलेला. तो बसवला. मुठीभोवतीचे आकडे पॉलिश पेपरने घासून साफ केले. मग नेलपॉलिश काढलं आणि एका ठिकाणी लाल ठिपका दिला. "अम्मा, मुठीची रेघ लाल ठिपक्यावर. बस. बाकी विसर." उम्म सईद बाटलीकडे बघून पहिल्यांदा हसली. बाटली मागून घेतली आणि ठिपका स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा रंगवला, जाड.

मग नेवऱ्यांचा डबा उघडला. ओट्यावर आम्ही चौघं बसलो. ऊन होतं पण वारा कापत होता. मामांनी सांगितलं, आज आमचा सण. उम्म सईद उठली, आतून मध आणि पातळ पोळ्या घेऊन आली. सणाच्या माणसाला असं सुटात गुडघ्यांवर बसवलं म्हणून पुन्हा सईदकडे आणि माझ्याकडे बोटं झाली. कोणीही आत जाऊन रेडिएटरला हात लावत नव्हतं. मी दोनदा उठलो, दोनदा मामांनी बाहीला धरून बसवलं. "श्वय श्वय, भाच्या. कढ आलाय का बघायला झाकण उघडत बसलास तर भात व्हायचा कधी?"

दुपार झाली. सईद उठून उभा राहिला. उम्म सईदही उठली. एका हातात गाठोडं घेतलं आणि शेवटचं बघून यावं तशी आत गेली. आम्ही दारात थांबलो. तिने पहिल्या रेडिएटरच्या डोक्यावर हात ठेवला. मग दुसऱ्या. एकेकाचं नाव घेत ती खोल्यांतून फिरली. सातवा थोपटून परत आली तेव्हा पांघरलेली शाल खांद्यावरून काढलेली होती. हॉलमध्ये मोठ्या रेडिएटरपाशी ती खाली बसली, गाठोड्याची गाठ सोडली, आतले कपडे काढले आणि घडी घालून एकेक करून म्होरक्या बोकडाच्या पाठीवर ठेवले, ऊब लागायला.

सईद बराच वेळ दारात उभा होता. मग त्याने बूट काढले, आत गेला आणि आईशेजारी बसून पाठ रेडिएटरला टेकली. थोड्या वेळाने त्याचे डोळे मिटले. बऱ्याच दिवसांची झोप होती ती.

मी पुरवठादाराला ईमेल पाठवला नाही. मामांनी या प्रकाराबद्दल मला एक शब्द ऐकवला नाही. फक्त पुढे दोन वर्षं, कुठल्याही साइटवर मी काही सांगायला तोंड उघडलं की ते खिशातून माकडटोपी काढून कानावर ओढायचे.

मग मामांनी कायमचं परत जायचं ठरवलं. गुडघे बोलायला लागले होते आणि वसईत नातू. शेवटच्या महिन्यात त्यांनी सगळ्या डोंगरी घरांची सर्व्हिसिंग उरकली, आणि उम्म सईदचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. नोव्हेंबर संपत आला होता. लाल ठिपका जागेवर होता, आता चांगलाच जाड, कारण बाई दर हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यावर एक हात मारत होती. बकऱ्या वाढल्या होत्या. आठवा रेडिएटर हवा म्हणत होती, न्हाणीघरात.

मामांनी बर्नर साफ केला, काटे बघितले. मग उत्तरेकडच्या खोलीत रेडिएटरपाशी बसले, गळ्यातला दोरा काढला, गाठ सोडायला बराच वेळ लागला. चावी काढून उम्म सईदच्या तळहातावर ठेवली आणि दोरा परत गळ्यात घातला. स्क्रू दाखवला. तिने त्यांना हाताने बाजूला सारलं, गहव्याची छोटी कपबशी खाली धरली, आणि चावी लावली.

मामा उठून बाहेर आले. शिकवायला थांबले नाहीत. ओट्यावर बूट हातात घेऊन उभे राहिले, डोकं जरा तिरकं करून. मी शेजारी उभा होतो. खिडकीतून सूं असा बारीक आवाज आला. चालला, चालला, मग फुसफुसला, मग कपात टप् झालं. आणि आतून तिचा आवाज आला, बकऱ्यांना आवरताना यायचा तसाच कडक, "खलास!"

मामा खाली बसले आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागले. "चल, भाच्या," म्हणाले. "आता घरात मिस्त्री आहे."

पिकअपकडे जाताना त्यांचा हात सवयीने गळ्याशी गेला, दोऱ्यातलं चाचपून बघितलं, आणि उरलेला क्रूस त्यांनी शर्टाच्या आत टाकून वरचं बटण लावलं.